पेन्सिलीने जागे केलेले व्हॉल्व्ह

११ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे ठीक, असं लिहायचं असतं म्हणून लिहिते. आईचा गुडघा तसाच आहे. तू पाठवलेला हीटर बाबा लावत नाहीत, कोट घालून खिडकीशी बसतात. वहिनीला सांग, स्वेटर मला अगदी मापात बसला.

बाबांचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. अठ्ठावीस वर्षं रुग्णवाहिका चालवलेला माणूस आता रुग्णालयाच्या त्याच आवारात गाड्या धुतो. त्या दिवशी पहाटेच्या थंडीत भर रस्त्यात इंजिन जॅम झालं, रुग्णाला दुसऱ्या गाडीत हलवावं लागलं आणि 'ड्रायव्हरने तेल पाहिलं नाही' असा ठपका बसला. तूही फोनवर म्हणालास, "वय झालं त्यांचं, विसरले असतील." बाबा महिनाभर एकच सांगत होते, "मी पाहिलं होतं गं. पट्टीवर वरच्या खुणेपर्यंत तेल होतं."

हल्ली सांगत नाहीत. का, ते पुढे लिहिते.

तू आता मोठा साहेब झालास, आपल्या फिल्टरच्या कारखान्यातलं चाचणीचं टेबल विसरला असशील. ऑइल फिल्टरमध्ये एक छोटा बायपास व्हॉल्व्ह असतो. थंडीत तेल घट्ट होऊन गाळायच्या कागदातून जाईना, की दाबाने तो उघडायचा आणि तेल परस्पर इंजिनात जायचं. न गाळलेलं का होईना, पण तेल. आपण पन्नासातला एक घ्यायचा, दाब वाढवत न्यायचा आणि काटा ठरल्या आकड्याला आला की तो उघडतो का ते बघायचं. एवढंच काम.

माझ्या पहिल्याच आठवड्यात एक उघडेना. तू हसलास, खिशातली पेन्सिल काढून मागच्या टोकाने व्हॉल्व्ह एकदा दाबलास. "रबर चिकटलेलं असतं गं. आधी जरा जागं करायचं, मग चाचणी. नाहीतर अख्खा लॉट अडकून पडेल." त्यानंतर सहा वर्षं मी प्रत्येक व्हॉल्व्ह आधी जागा केला. आकडे कसे सुरेख आले. उरलेले एकोणपन्नास मात्र तसेच बाहेर गेले. इंजिनात पेन्सिल घेऊन कोण बसलंय?

गाडी बंद पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी गॅरेजमध्ये जाऊन तो फिल्टर पाहिला. आपल्याच कारखान्याचा, लॉट पास केल्याचा शिक्का माझा. सात आठवडे मी कुणापाशी बोलले नाही. नोकरीला भ्याले, तुला भ्याले.

मागच्या आठवड्यात चौकशीचा कागद घरी आला. बाबांनी मला विचारलं, "फिल्टरवर तुझा शिक्का होता म्हणे. नीट तपासला होतास ना?"

मी हो म्हटलं.

"मग त्यात खोट नसणार. माझंच चुकलं असेल," म्हणाले आणि चष्मा लावून कबुलीखाली सही केली. पेन मीच दिलं. दादा, तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. माझी मलाच शिसारी आली.

परवा त्याच लॉटचे वीस फिल्टर गोदामातून काढले आणि पेन्सिल न लावता तपासले. सात उघडलेच नाहीत. काटा चढत गेला आणि मी नुसती बघत राहिले.

अहवाल लिहून ठेवलाय, सोमवारी देणार. माझं नाव, माझा शिक्का, माझं गप्प बसणं, सगळं आहे त्यात. 'ही पद्धत कोणी शिकवली' याच्यापुढची ओळ तेवढी कोरी सोडली आहे. रविवारी घरी ये, बाबांच्या समोर बस आणि तुझ्या हाताने ती भर. त्यांनी न केलेल्या चुकीखाली सही केली. तू केलेल्या चुकीखाली तरी कर.

नाही आलास, तरी देण्याआधी मी अहवाल बाबांना वाचून दाखवणार आहे. त्या ओळीपाशी ते विचारतील, आणि यापुढे मी त्यांच्याशी खोटं बोलणार नाही.

तुझ्याच हाताखाली शिकलेली,
तुझी धाकटी बहीण