फ्रिजमधला गॅस

बाबा, मिलमध्ये हवा थंड ठेवणाऱ्या यंत्रांवर तुम्ही फिटर होतात. मिल बंद झाली तेव्हा तुमच्या बरोबरीचे कितीतरी लोक रोज फाटकाशी जाऊन बसत. तुम्ही परदेशीपुऱ्यात फ्रिज दुरुस्तीचं दुकान टाकलंत. तुम्ही नळी कापायचात, फुस्स व्हायचं आणि जुना गॅस निघून जायचा. मी आयटीआय करून, गॅस गोळा करण्याच्या मशीनची ट्रेनिंग घेऊन आले आणि म्हणाले, हा हवेत सोडायचा नाही, वर जाऊन ओझोन खातो. तुम्ही पाना खाली ठेवलात. “ना रंग, ना वास. मिलमध्ये टाक्याच्या टाक्या सोडल्या आम्ही. बापाला शिकवायला पाठवलं होतं का तुला?”

मग उन्हाळ्यात त्या कुल्फीवाल्याचा डीप फ्रीजर बंद पडला. माल वितळत होता आणि माझी मशीन सावकाश गॅस ओढत होती. तो ओरडला, “अरे भिया, उड़ा दो हवा में, टाइम खोटी मत करो!” मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही कपाळ पुसून म्हणालात, “छोरी पढ़के आई है. गैस तो सिलेंडर में ही जाएगी.” त्यानं दुसरा मेकॅनिक बोलावला. आपण मशीन स्कूटरवर बांधून परत निघालो. वाटेत तुम्ही एवढंच म्हणालात, “ती जरा लवकर चालवायला शीक.”

आता मी पीथमपूरला औषधाच्या कारखान्यात कूलिंग प्लांट सांभाळते. त्या जुन्या गॅसच्या जागी आलेला नवा गॅस ओझोनला हात लावत नाही, पण पृथ्वी तापवतो, म्हणून तोही सोडायचा नाही. गळती शोधायची, गॅस सिलिंडरमध्ये भरायचा, शुद्ध करायला पाठवायचा. नवी यंत्रं घेताना कमी गॅसची घ्या म्हणून साहेबांशी भांडते. तुम्हाला हे सांगायचं राहिलं. पाठवायला पत्ता नाही, तरी लिहितेय.

तुम्ही गेलात त्या दुपारी मी प्लांटवरच होते. भावाचा फोन आला, “ताई, बाबा गेले.” मी “येते” म्हटलं आणि फोन खिशात ठेवला. यंत्रातला अर्धा गॅस अजून काढायचा राहिला होता. तो सगळा काढला, वजन केलं, रजिस्टरवर सही केली. दोन तास गेले. घरी सगळे माझ्यासाठी खोळंबले होते. मी म्हटलं, काम अर्धवट सोडता येत नव्हतं, गॅस हवेत गेला असता. सगळ्यांनी मान हलवली, आई म्हणाली, त्यांचीच पोर. रडू तेव्हा आलं नाही, अजून आलेलं नाही.

दुसरा फिटर माझ्या शेजारीच उभा होता, बाबा. ‘मॅडम, आप जाओ, बाकी मैं निकाल लूँगा’ असं तो दोनदा म्हणाला होता.