बोलोन्याच्या वैद्यांना माझी फुली पाठवावी

वर देव आहे आणि समोर नोटरी, त्यामुळे खोटं बोलायची सोय नाही. मी, तेर्सिल्ला, ब्रिसिगेल्ला गावच्या ओराझिओ खोगीरवाल्याची लग्नाची बायको ('लग्नाची' ठळक लिहा, नोटरीबुवा), डोकं ठिकाणावर असताना आणि पोट ठिकाणावर नसताना, कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र सांगते आहे. मला अक्षरओळख नाही. मी बोलेन तसंच उतरवावं, सुधारू नये.

घर माझ्या बापाने हुंड्यात दिलं, म्हणून ते माझं. ओराझिओने हयातभर त्यात राहावं, चुलीजवळच्या माझ्या खुर्चीत खुशाल बसावं. अट एकच. त्या खुर्चीत शेजारच्या ओर्तेन्झियाला बसवू नये. तिच्याशी लग्न लावलं, तर त्याच दिवसापासून घर माझी नात नुन्झियाता हिचं होईल आणि आजोबांना कुठे ठेवायचं ते ती बघेल.

हे सांगत असताना ओराझिओ दारातून म्हणाला, "अगं, या वयात माझ्याशी कोण लग्न करतंय?"

"जिला तुमचं पोट तोंडपाठ आहे, ती," मी म्हटलं. हेही लिहा.

त्याचं कारण असं. ओराझिओचं पोट जुनं दुखणाईत. गावात औषधपाणी न्हावीच बघतो; त्याने हात टेकले, तेव्हा बोलोन्याच्या वैद्य बेनिनकाझांना पत्र घालायचं ठरलं. ते रोग्याला बघत नाहीत. पत्र वाचतात आणि पत्रानेच औषध सांगतात. आम्हा दोघांनाही लिहिता येत नाही. ओर्तेन्झिया आधीच्या नोटरींची विधवा, तिचं अक्षर मोत्यासारखं. मग काय! दर पंधरवड्याला आमचे हे दाढी करून तिच्या स्वयंपाकघरात हजर. ढेकर कधी येतात, कळ कुठे उठते, शौचाचा रंग कसा, रात्री स्वप्न कसलं पडलं, सगळं तिला. घरी आल्यावर मला एवढंच, "सूप खारट झालंय."

वैद्यांचं उत्तर यायचं: मासे बंद, घेवडा बंद, तळलेलं बंद, बिनमिठाचं कोंबडीचं पाणी सुरू. कोंबडी मी मारायची, पिसं मी काढायची, आणि 'आराम पडला' हे मात्र तिने लिहायचं. म्हणून पाणी उकळायचं तांब्याचं पातेलं नुन्झियाताला द्यावं, आणि ओर्तेन्झियाला पलंगाखालचं भांडं. पितळी आहे, कुठे पोचा नाही. त्यात काय असायचं ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

एकदा वैद्यांनी लिहिलं, 'आपल्या पत्नीने फार मायेने कळवलं आहे. अशी बायको म्हणजे अर्धं औषध.' ओर्तेन्झियाने ते मोठ्याने वाचलं आणि लाजली. मी म्हटलं, "आता उलट टपाली कळव, बायको मी आहे."

"राहू दे गं, तेर्सिल्ला. एवढ्या मोठ्या माणसाची चूक काढणं बरं दिसत नाही."

आणि माझा नवरा मिशीत हसला. ते हसू मी जपून ठेवलं आहे. ते कोणालाही देत नाही, बरोबर नेणार.

गेल्या उन्हाळ्यापासून माझ्याच पोटात गाठ आहे, अन्न टिकत नाही. मी नको म्हणत असताना ओराझिओने तिच्याकडूनच वैद्यांना लिहवून घेतलं. उत्तर आलं: 'पत्र बाईंच्याच हातचं दिसतं. अक्षर ठाम, ओळी सरळ, हात कुठेही थरथरलेला नाही. अशा हाताच्या बाईला मोठा आजार संभवत नाही. दुधाची निवळी घ्यावी, टेकडी चढावी.'

"बघ!" ओराझिओ आनंदाने ओरडला. "काही झालेलं नाही तुला!"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "ओर्तेन्झियाला काहीच झालेलं नाही."

ती पांढरी पडली. दुसऱ्या दिवशी तिने अंजिरं पाठवली. एक चाखलं. गोड होतं, म्हणून जास्तच राग आला.

तेव्हा शेवटची इच्छा ही. माझ्या कोंबड्या विकून टपालाचा खर्च भागवावा आणि या कागदाची नक्कल, खाली माझ्या हातची फुली घेऊन, वैद्यांकडे पाठवावी. मी जिवंत असेन तर औषधासाठी, नसेन तर माहितीसाठी. नक्कल नोटरींनी करावी, ओर्तेन्झियाने नव्हे. उत्तर मात्र तिनेच वाचावं, माझ्या थडग्यावर का होईना. तिचा आवाज खणखणीत आहे, खाली ऐकू येईल.

वरचा मजकूर मी, नोटरीने, बाईंना वाचून दाखवला. 'लग्नाची' हा शब्द त्यांनी दोनदा वाचायला लावला.

साक्षीदार: गास्पारे, पाणचक्कीवाला. देओदातो, न्हावी. (ओर्तेन्झियालाही साक्षीला बसवा, असं तेर्सिल्लाबाई म्हणाल्या. बाईची साक्ष चालत नाही हे ऐकून त्यांनी "मग पत्र कसं चाललं?" असं विचारलं.)

ब्रिसिगेल्ला, ९ नोव्हेंबर १७४७.
फाब्रिझिओ मोन्तेव्हेकी, नोटरी.

तेर्सिल्ला यांची निशाणी: ✕

फुली काढताना बाईंचा हात फार थरथरला, एक रेघ कागदाबाहेर गेली. दुसरी काढा म्हणालो, तर म्हणाल्या, "असू दे. त्यांना तीच दाखवायची आहे."