रेन डान्सला आम्ही नाय

१० जानेवारी
सकाळी शाळेत पोरींना बिगुल शिकवला, संध्याकाळी औरंगपुऱ्यात अन्वरचाचांच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत रियाज. चाचा क्लॅरिनेट, मी ट्रम्पेट, मामेभाऊ संदेश ड्रम. तिघंही लग्नाच्या बँडात घासलेले. दुष्काळानं वराती आटल्या, म्हणून चाचांच्या उस्तादांच्या काळातला स्विंग, म्हणजे नाचाचं जुनं जॅझ, उकरून काढलाय. पाय गप्प बसूच शकत नाहीत असलं संगीत. आज पहिल्यांदा तिघं एकाच ठोक्यावर थांबलो. चाचा म्हणाले, "अब बना बँड!"

२४ जाने.
जालना रोडच्या नव्या हॉटेलात पहिला शो. लोक आधी नुसते जेवत राहिले. मग संदेशनं लय उचलली, एक आजोबा बायकोला हाताला धरून घेऊन आले. नंतर नाचायला जागा पुरेना. मालक म्हणाला, "पुढचा शनिवारही तुमचाच." मला तर आधीच माहीत होतं.

१४ फेब्रु.
ट्रम्पेट फुंकून ओठ सुजला. बर्फ मागितला तर वेटर म्हणाला, टँकरच आला नाय, बर्फ कुठला. तसंच वाजवलं. एक मुलगी: "लेडीज ट्रम्पेट वाजवतात?" म्हटलं, आत्ता ऐकलंस की!

२ मार्च
मालकाचा निरोप. धुळवडीला त्याच्या रिसॉर्टवर रेन डान्स. वरून टँकरच्या पाण्याचे फवारे, स्टेजवर आम्ही. आजवरचा सगळ्यात मोठा शो. संदेश हवेत. चाचा क्लॅरिनेट पुसत बसले. त्यांची लेक गंगापूरकडं दिलीय, तिथं प्यायच्या पाण्याची मारामार.
"चाचा, बोला ना."
"मैं क्या बोलूं बेटा. बँड तेरा है."

३ मार्च
नाय म्हणून कळवलं. मालक म्हणाला, मग शनिवारही विसरा. विसरले.
संदेश लई भडकला. "ताई, आपण नाय वाजवलं म्हणून पाणी वाचणारंय व्हय?"
नाय वाचणार. त्याचं बरोबरच आहे. पण त्या फवाऱ्याखाली माझा सूर लागला नसता. तो ड्रम उचलून गेला. चाचांनी जिन्यापर्यंत हाका मारल्या.

धुळवड
संदेश रिसॉर्टवर, डीजेबरोबर. चाचा नि मी आमच्या गल्लीत कोरड्या रंगात वाजवलं. ड्रमशिवाय लय पांगली, हळूहळू लोकही. वाईटच वाजलं. चाचा म्हणाले, "हो जाता है." मला नाय चालत असं.

९ एप्रिल
पुण्याहून फोन. नाचाचा क्लब आहे, कुणीतरी मोबाइलवर घेतलेला आमचा शो पाहिला, यायचं का म्हणतात. "तिघं आहात ना?"
"तिघंच," मी म्हटलं. छातीठोक.
मग सरळ मामाच्या घरी. मामी दारातच म्हणाली, "झोपलाय गं तो." आतून बोटांनी पत्र्यावर ठोकल्याचा आवाज येत होता. आमचीच लय, जरा जलद.
"झोपू दे," म्हटलं, नि ओट्यावर बसले. मामी चहा टाकायला आत गेली.