हिरवा माल फास्ट नाही

९ जानेवारी १९७८
मद्रासच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं. कारखान्यात रुजू होऊन मला आज तीन आठवडे. मॅट्रिक आणि टायपिंगची परीक्षा, एवढंच माझं इंग्रजी. पण चादरीच्या या कारखान्यात तेवढंही कुणाला येत नाही, त्यामुळे मालकांना वाटतं मी विलायतेहून आले.
पत्रात चारच ओळी. ‘द ग्रीन इज नॉट फास्ट.’ मी सांगितलं, हिरवा माल वेळेवर पोचत नाही, लवकर पाठवा म्हणतायत.
मालक तडक रंगखात्यात. रंगमास्तर म्हणाले, “हिरव्याला दोन उकळ्या लागतात मालक. घाई केली तर...”
“एकच द्या. गिऱ्हाईक तिकडं बोंबलतंय, ऐकू येत न्हाय व्हय?”
उत्तर मीच टाइप केलं. पुढचा माल ‘व्हेरी फास्ट’ असेल. मालकांनी झोकात सही ठोकली. मलाही जरा ऐट वाटली.

१५ जाने.
आप्पांना घेऊन संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. गर्दीत रंगमास्तर भेटले, त्यांच्या आईबरोबर. आईशी तेलुगू, माझ्याशी मराठी, मध्ये श्वाससुद्धा घेत नाहीत. आईला माझ्याबद्दल काय सांगितलं कोण जाणे, ती हसून बघत राहिली. मास्तरांचे हात कोपरापर्यंत निळे. सणालाही जात नाही रंग.
नाव व्यंकटेश. इथं पूर्ण लिहायला नको. व्यं.

२४ जाने.
चहाच्या सुट्टीत व्यं. टेबलाशी. “बाई, इंग्रजी अक्षरं शिकवा की. रंगाचे डबे नुसते बघून ओळखतो, वाचता येत नाहीत.” रोज पाच अक्षरं ठरली. एन उलटा काढतात. चिडत नाहीत, स्वतःलाच हसतात.
ऑफिसातलं घड्याळ दहा मिनिटं फास्ट. सुट्टी लगेच संपते. ते नीट करायला कुणाला सवड नाही.

२ फेब्रु.
आज आले नाहीत. हिरव्या मालाचे गठ्ठे बांधायची घाई होती. चहा गार झाला तरी मी दाराकडे. मी काय म्हणून...
एकोणतीस संपतील या वर्षी. असल्या गोष्टींचं वय नव्हे हे. पण मग कशाचं आहे?

४ फेब्रु.
माल मद्रासला रवाना.

६ फेब्रु.
व्यं. कागद घेऊन आले. डब्यावरची अक्षरं उतरवून आणली होती. एफ, ए, एस, टी. “हे बऱ्याच डब्यांवर असतं. काय म्हणायचं याला?”
“फास्ट. म्हणजे जलद, लवकर.”
हसले. “नाही हो बाई. हे पक्क्या रंगाचे डबे. कच्च्या रंगावर हे नसतंच.”
मला मद्रासचं पत्र आठवलं. त्यांना काही कळलं नाही. कागद घडी करून खिशात घालून गेले.

त्याच दिवशी, घरी.
आप्पांची जुनी डिक्शनरी काढली. जलद. पक्का, न उडणारा. घट्ट रुतलेला. पुढे चाललेलं (घड्याळ). गाढ (झोप). जिवाभावाचा (मित्र). शेवटी, सैल वागणुकीची (बाई). पळणारं तेही फास्ट आणि जागचं न हलणारं तेही.
व्यापारी पहिल्यापासून सांगत होता, तुमचा हिरवा रंग जातोय. आणि मी दुसरी उकळीसुद्धा बंद करवली. वर लेखी कबूल केलं, माल अगदी पक्का असेल.
माल अजून वाटेत असेल. तार केली तर थांबवता येईल. उद्या सांगते.

७ फेब्रु.
नाही सांगितलं. मालकांकडे पाहुणे होते.

८ फेब्रु.
पाहुणे नव्हते. तरी नाही.

२० फेब्रु.
मद्रासचं पत्र. धुताना पांढऱ्या चादरी हिरव्या झाल्या, सगळा माल परत. या वेळी मला प्रत्येक शब्द कळला. मालकांना वाचून दाखवलं.
मालकांनी व्यं.ना ऑफिसात बोलावलं. “लाज घालवली माझी! पंधरा वर्षं रंगात हात घालतोस, हिरवा पक्का करता येत न्हाय?”
व्यं. एवढंच म्हणाले, “एक उकळी तुम्ही बंद केली मालक.”
“उलटं बोलतोस? उद्यापासून येऊ नको.”
मी टाइपरायटरसमोर. चार हातांवर. माझी बोटं कळांवर होती आणि मी कागदाकडे बघत होते.

२२ फेब्रु.
व्यं. हिशेब घ्यायला आले. जाताना टेबलाशी थांबले. भिवंडीला मामाकडे चाललेत, तिथल्या रंगकामावर.
“बाई, पहिल्या पत्रातही हाच शब्द होता?”
मी मान हलवली. हो अशी.
हिशेबाचे पैसे मोजून खिशात घातले. मग, “असू द्या,” म्हणाले आणि गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

१ मार्च
चहाची सुट्टी. दहा मिनिटं केवढी लांब असतात. रंगखात्यात नवा माणूस आलाय, बरा आहे बिचारा. त्याच्या अंगालाही तोच वास येतो, सोड्याचा आणि ओल्या सुताचा. तो दारात आला की मी उगाच वर बघते.

१२ मार्च
थोरली बहीण, अक्का, बार्शीहून आली. आप्पा बाहेर गेल्याबरोबर सुरू. “शांते, तुझ्याबद्दल काय ऐकते मी? त्या रंगाऱ्याबरोबर बसत होतीस म्हणे रोज. लोक म्हणतात, शांता लई फास्ट हाय.”
मला हसू आलं, मग रडू. अक्का घाबरली. पाणी आणून दिलं, पाठीवर हात फिरवत राहिली. तिला कसं सांगू. फास्ट असते तर त्या दिवशी तोंड उघडलं असतं.

१७ मार्च
आज सांगितलं मालकांना. पहिल्या पत्राचा अर्थ मीच चुकीचा लावला. मास्तरांचा काही दोष नाही. उभ्यानंच सांगितलं, बसले असते तर जमलं नसतं.
मालक लाल झाले, मग एकदम थकल्यासारखे खुर्चीत. “महिनाभर गप का बसलात बाई?”
“भ्याले.”
“आता?”
“आताही भीतेय.”
वाटलं, नोकरी गेली. दुपारी बोलावून म्हणाले, “त्याला लिहा. ये म्हणावं. मी काय लिहिणार न्हाय, तुमीच लिहा.”

१९ मार्च
पत्त्यासाठी व्यं.च्या घरी. विणकरांची वस्ती, दारोदारी मागांचा आवाज, बोललेलं ऐकू येत नाही. आई मोडक्या मराठीत, “ये, बस.” कागदावर पत्ता होता तो दिला. मी काय केलं ते सांगितलं. किती कळलं माहीत नाही. ताक दिलं.

२० मार्च
पत्र टाकलं. सगळं लिहिलं. मालक बोलावतायत हेही. शेवटची एक ओळ खोडली. खोडलेली वाचता येईल का, ते पोस्टात टाकल्यावर मनात आलं.

९ एप्रिल
उत्तर नाही.

१६ एप्रिल
नाही. ऊन चढलंय. पोस्टमन गल्लीत शिरला की आप्पा माझ्याकडे बघतात, पण विचारत नाहीत.

२३ एप्रिल
त्यांच्या आईनं शेजारणीकडून निरोप धाडला होता, व्यं. सकाळच्या गाडीनं तिला न्यायला येतायत. मी स्टेशनवर गेले. कुणालाही न सांगता.
वाळलेत. मला बघून थांबले.
“चूक माझी होती,” मी म्हटलं. पत्रात लिहिणं सोपं होतं.
“पत्र पोचलं.” मग, “मालक बोलावतो, ते कळलं. आई इथंच राहू म्हणते, तेही कळलं. तुम्ही काय म्हणता, ते तेवढं खोडलंय.”
हमालाची गाडी मधून गेली. मी काहीच बोलले नाही. पुन्हा तेच, गप्प!
“गुरुवारी सकाळी परत निघायचंय,” म्हणाले. “तोवर इथंच आहे.”

२६ एप्रिल, बुधवार
सकाळी आप्पांना सगळं सांगितलं. पत्र, उकळी, न केलेली तार, स्टेशन. ते दाढी करत होते, अर्ध्यावर थांबले.
“त्यांच्या घरात तेलुगू बोलतात. तुला येतं?”
“न्हाय.”
“आणि अक्काला काय सांगणार?”
“तेही ठरलं न्हाय.”
आरशात माझ्याकडे बघत राहिले. मग उरलेली दाढी केली, तोंड धुतलं आणि सदरा घालायला आत गेले.
मी चपला घातल्यात. कारखान्याचा रस्ता डावीकडे, विणकरांची वस्ती उजवीकडे. आप्पा आतून म्हणतायत, “थांब, मीही येतो.” कुठं ते विचारलं नाही; मी उजवीकडे वळणार.