बेतोचे पाय

सान पेर्फेक्तो,
बुधवार, १९ एप्रिल २०२३

प्रिय बेतो,

इकडे सर्व ठीक, तिकडची खुशाली कळव, असं लिहायची रीत आहे. पण तुझं ‘तिकडे’ माझ्या दारापासून चार गल्ल्यांवर, आणि तुमची खुशाली मला न विचारता कळते. तुझ्या ओरालियाचा खोकला गेला हे टॉर्टियाच्या दुकानात कळलं. तुझ्या ट्रकचा सायलेन्सर फाटलाय हे अंथरुणातच कळतं, पहाटे पावणेसहाला, तू शाळेच्या मैदानावर निघतोस तेव्हा. बदलून घे तो. कोंबड्यांना काम उरलं नाही.

माझं म्हणशील तर गुडघा कुरकुरतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सेन्योर त्रेविन्यो, एक तर गाडी चालवणं कमी करा, नाहीतर रविवारचं मांस, तुमचा तो बारबाकोआ.” मी म्हटलं, बाई, गाडी सोडली तर मी स्काउट कसला, आणि बारबाकोआ सोडला तर माणूस कसला? त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

वर्षाला साठ हजार मैल गाडी हाकायची, शाळाशाळांतून पोरांचा बेसबॉल बघायचा आणि क्लबला कळवायचं की हा घ्या, हा सोडा. कांद्याच्या शेडमध्ये पोती शिवणाऱ्याला यापेक्षा काय हवं होतं? एवढे अहवाल लिहिले, पण हे पत्र काल रात्रीपासून लिहितोय. पहिले दोन कागद फाडले. त्यांत सगळ्या हवापाण्याच्याच गप्पा होत्या.

पत्र तुझ्या मैदानावर रेषा मारायच्या गाड्याखाली ठेवतोय. पांढऱ्या भुकटीचा तो गाडा तुझ्याशिवाय कुणी हलवत नाही. घरी आणून दिलं असतं, पण तू दार उघडलं नसतंस, आणि ओरालियाने उघडलं असतं तर मी तिथेच बसून तिचे गोड पाव, पान दुल्से, खात इकडचं-तिकडचं बोललो असतो आणि मुद्दा खिशात घेऊन परत आलो असतो. मला मी ठाऊक आहे.

सहा वर्षं झाली. साउलचा अकरावा वाढदिवस. तू चुलाणावर मांस परतत होतास आणि पोरगा गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारून झेलत होता. मी म्हटलं, “हात थेट बापाचे.” वाईट काय बोललो होतो? तू चिमटा खाली ठेवलास. म्हणालास, “आणि पाय? पायांचंही सांग ना. तेच तर तुझं काम. चेओ, माझ्या पोराचा खेळ बघायला कधी यायचं नाही. कळलं?”

कळलं होतं. तुझा शब्द मी मोडलेला नाही. मी साउलचा खेळ कधी *बघितला* नाही.

ऐकला.

तिसऱ्या बेसच्या बाजूला तुझी अवजारांची पत्र्याची खोली आहे ना, तिच्या मागे ट्रक लावतो. काच खाली करतो आणि बसतो. समोर पत्रा, दिसत काही नाही. पण माझे कान तुला माहीत आहेत. अमा म्हणायची, “या पोराला चुलीवरचं दूध उतू जायच्या आधी ऐकू येतं.” चार वर्षं दर मंगळवारी, गावात असलो तर शुक्रवारीही, मी तुझ्या पोराला ऐकत आलोय.

पहिल्या वर्षी चेंडू त्याच्या तळहातावर आदळायचा. चरचरीत आवाज, घरी येऊन हात बर्फात घालत असणार. दुसऱ्या वर्षी ग्लव्ह बोलायला लागला, आवाज खोल गेला. तिसऱ्या वर्षी त्याच्या फेकीने पहिल्या बेसवरचा तो जाडा पोरगा “आई गं” म्हणायला लागला. आणि या वर्षी, बेतो, डबल प्लेला, एका चेंडूत दोघांना बाद करताना, चेंडू ग्लव्हमध्ये पडल्याचा आवाज आणि हातातून सुटल्याचा आवाज, यांच्यामध्ये श्वास घ्यायला जागा राहत नाही. एवढ्या वर्षांत मी हे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या राहणाऱ्या तीन-चार शॉर्टस्टॉपांकडूनच ऐकलंय. त्यांतला एक तू.

आता जे बिघडलंय ते सांगतो. पिचरच्या हातून चेंडू सुटला की शॉर्टस्टॉप बारीकशी उडी घेतो. उडी कसली, नुसत्या टाचा उचलायच्या. पाय जमिनीला टेकायला आणि बॅटचा आवाज यायला गाठ पडली पाहिजे. मग पाय सुटलेले असतात, हव्या त्या बाजूला धावतात. साउलचे पाय आधी टेकतात. टप, मग गॅप, मग ठक्. बॅट लागेपर्यंत तो जागी रुतलेला असतो, पुन्हा पहिल्यापासून निघावं लागतं. अर्धं पाऊल हरवतं. शॉर्टस्टॉपचं सगळं आयुष्य त्या अर्ध्या पावलात असतं.

मला वाटलं होतं, वाढत्या वयाचं आहे, जाईल. गेलं नाही. मग एकदा डोळे मिटून नीट ऐकलं. त्या टपच्याही आधी एक आवाज आहे. दर चेंडूला, न चुकता.

“पाय, साउल! पाय!”

कुंपणाला टेकून तू ओरडतोस. पिचरने हात वर नेला की ओरडतोस. आणि पोरगं गुणी, बापाच्या आवाजावर उडी मारतं.

काल मंगळवारची मॅच. क्लबचे वरचे साहेब आले होते, हार्गेट म्हणून. साउलबद्दल मी त्यांना तोंडी सांगितलं होतं, लिहून दिलं नव्हतं. नात्यातल्या पोराचा अहवाल लिहायचा नाही हा माझा नियम आहे. क्लबचा नाही, माझा. तो का केला, तेही सांगणार आहे. सहाव्या डावात साधा सरपटता चेंडू साउलच्या डावीकडून निघून गेला, दोन धावा झाल्या. तू कुंपणावर हात आपटलास, तोही मी ऐकला.

मॅचनंतर हार्गेट ट्रकपाशी आले. “त्रेविन्यो, पुतण्या आहे म्हणून पत्र्यामागे लपून बसलास काय?”

“सावलीला बसलोय साहेब.”

“हात सोन्याचे आहेत पोराचे. पण पाय मेलेले. शुक्रवारी आणखी एकदा बघतो. हेच दिसलं तर त्याच्या नावावर काट.” खिडकीवर थाप मारून गेले. सरळ माणूस आहे. जे दिसलं ते बोलला.

ते गेले आणि पाच मिनिटांत पलीकडच्या खिडकीशी कोण? साउल. हातात रास्पाचा कागदी पेला, बर्फ वितळून लाल पाणी झालेलं.

“तिओ चेओ, आत बसू?”

“तुझ्या बापाने बघितलं तर?”

“ते रेषा पुसतायत. आणि त्यांना माहितीये तू इथे असतोस.”

मी दार उघडलं. तो आत बसला.

“परवा म्हणाले, पत्र्यामागचं गवत कापायचं राहू दे, तिथे एकाचा ट्रक असतो.” आणि हसला. हसताना अगदी अमा. मग पेल्यातलं पाणी हलवत राहिला. मग म्हणाला, “खरं सांगशील? आपल्या घराण्याचे पाय संथच आहेत ना? पप्पा म्हणतात, त्यांचं त्यातच गेलं. म्हणून माझ्यामागे एवढे लागतात. मी दोरीच्या उड्या मारतो, वाळूत पळतो. काही होत नाही, तिओ. शुक्रवारी कोच सालिनासना सांगून टाकणार आहे, मला फर्स्ट बेसला टाका. तिथे नुसतं उभं राहायचं असतं.”

पाच फूट नऊ इंचांचा पोरगा फर्स्ट बेसला, जिथे क्लब ताडमाड पोरं बघतात! त्याला कोण घेणार? मॅच संपल्यावर पाणी वाटायला घेतील.

मी म्हटलं, “शुक्रवारपर्यंत थांब. कोचना काही बोलू नकोस.”

“का?”

“याचं उत्तर आधी तुझ्या बापाला मिळायला हवं.”

तो उतरून गेला आणि मी स्टिअरिंग धरून बसलो. बेतो, आता खरं लिहितो. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच. मग गाड्याखाली चिरडलंस तरी चालेल.

१९९९ सालचा मे महिना आठव. क्लबने मला संघातून काढून चार वर्षं झाली होती. शेडमध्ये पोती शिवत होतो, आणि क्लबचे स्काउट मॅकिल्वेन साहेब यांच्यासाठी या भागावर बिनपगारी नजर ठेवायचो. कुठला पोरगा बरा दिसला की कार्ड भरून पाठवायचं. कार्डात दम असला तर साहेब अडीचशे मैल गाडी हाकत बघायला यायचे, नसला तर नाही. या टोकाला दुसरा कुणी फिरकायचाच नाही. तू अठरा वर्षांचा. तुझं कार्ड मी भरलं.

होम प्लेटपासून पहिल्या बेसपर्यंतची तुझी धाव तीन वेळा घड्याळावर घेतली. सोबत माझ्या त्या वेळच्या वहीचं पान आहे. बघ. ४.२, ४.२, ४.१९ सेकंद. उजव्या हाताने बॅट धरणाऱ्याला चार पूर्णांक तीन म्हणजे चांगलं. चार-दोन म्हणजे साहेब जेवण टाकून निघाले असते.

कार्डावर मी ४.५ लिहिलं. खाली लिहिलं, ‘हात उत्तम, पाय संथ.’

मॅकिल्वेन आले नाहीत.

क्लब नवी पोरं निवडतात त्या ड्राफ्टचे दोन दिवस तू फोनपाशी बसून काढलेस. मी स्वयंपाकघरात होतो. थोड्या थोड्या वेळाने तू रिसीव्हर उचलून फोन चालू आहे का ते बघायचास. ती बारीक टूं मला भिंतीपलीकडून ऐकू यायची. पहिल्या दिवशी अकरा वेळा. दुसऱ्या दिवशी मी मोजणं सोडलं. अमा म्हणाली, “चालू आहे रे मिहो, बाळा, सकाळीच तुझ्या मावशीशी बोलले.” दुसऱ्या संध्याकाळी तू अंगणात आलास. मी ट्रक धूत होतो, धुतलेलाच. म्हणालास, “चेओ, तू त्यांच्यातला आहेस. काय कमी पडलं?”

मी म्हटलं, “पाय, बेतो. पाय संथ आहेत म्हणाले.”

म्हणाले! कोण म्हणाले? कुणी नाही. मी.

का केलं? बरीच वर्षं मनाशी म्हणत आलो, अमासाठी. अपा जाऊन वर्ष झालं नव्हतं, दोघांपैकी एकाने घरी राहायला हवं होतं. नंतर म्हणायला लागलो, तुझ्यासाठी. मी क्लबच्या खालच्या संघाच्या बसमधून तीन वर्षं फिरलो होतो, बाविसाव्या वर्षी बॅट बगलेत मारून परत आलो होतो, तुझ्यावर ती पाळी नको. दोन्ही कारणं चांगली आहेत. चर्चमध्ये सांगण्यासारखी आहेत. पण खरं कारण असं, की घड्याळात तिसऱ्या खेपेला चार-एकोणीस दिसलं आणि मी तुझ्यावर जळलो. माझा आकडा कधी चार-चारच्या खाली उतरला नव्हता. मला काढलं ते त्यासाठीच. गावाने मला परत आलेला बघितलं होतं. आता तुला जाताना बघणार होतं, आणि मला शेडमध्ये उभं राहून सगळ्यांचं “तुझा भाऊ, तुझा भाऊ” ऐकावं लागणार होतं. माझे कान किती तिखट आहेत ते तुला माहीतच आहे.

आपल्या घराण्यात संथ पाय आहेत, बेतो. ते माझे.

एक दिवस तुला सांगून टाकीन असं ठरवत राहिलो. मग तुझं लग्न झालं, मला स्काउटची नोकरी लागली, नात्यातल्या पोराचा अहवाल न लिहायचा नियम मी तेव्हाच केला, अमा गेली. गोष्ट जुनी झाली, मेली असं धरून चाललो. पण माझं खोटं चोवीस वर्षांनी तुझ्या तोंडून ओरडतंय आणि तुझा पोरगा त्यावर उडी मारतोय. माझ्या पापाला इतका लांब पल्ला असेल असं वाटलं नव्हतं. या धंद्यात मी पोरांची पुढची दहा वर्षं सांगतो म्हणून पगार घेतो!

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला हो-नाही म्हणावं लागेल, आणि तुझ्यावर मी आधीच एक ओझं टाकलंय. साउलला हे सांगायचं की नाही, ते तू ठरव. वहीचं पान तुझं आहे. अक्षर माझं, पाय तुझे.

रोज पहाटे शॉर्टस्टॉपच्या जागेवरची माती तू किती वेळ विंचरतोस ते मी ऐकतो. बाकीच्या मैदानाला दोन फेऱ्या, त्या जागेला सहा. एकही खडा राहू देत नाहीस, पोराला चेंडू वेडावाकडा येऊ नये म्हणून. त्याच्यासाठी करायचं ते सगळं तू केलंयस. आता फक्त ओरडू नकोस. पिचरने हात वर नेला की कुंपण घट्ट धर आणि गप्प राहा. त्याचे पाय त्याचे तो टेकवील. त्याला बॅटचा आवाज ऐकू दे.

शुक्रवारी हार्गेट बॅकस्टॉपच्या जाळीमागे असतील. मी माझ्या जागी, पत्र्यामागे, काच खाली करून. पहिल्या चेंडूला “पाय!” ऐकू आलं तर समजेन की तू हे वाचलं नाहीस, किंवा वाचलंस आणि तुला माझं तोंड बघायचं नाही. दोन्ही तुझ्या हक्काचं आहे. मी ट्रक सुरू करून निघून जाईन. पत्र्यामागचं गवत मग कापून टाक.

आणि काहीच ऐकू आलं नाही तर, बेतो, ते मी मॅच संपेपर्यंत ऐकत बसेन.

दोनाचा पाच करणारा,
तुझा थोरला भाऊ,
चेओ