खोक्यातून घरी आलेला फोन

चुनचॉन, ९ एप्रिल

चि. सॉक्वॉन यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. गणवेश मिळाल्यावर तू उतरवलेल्या कपड्यांचं, लष्कराने पाठवलेलं खोकं काल पोचलं. आई तुझे बूट पोटाशी धरून रडली. बाबा म्हणाले, अगं, पोरगा सैन्यात गेलाय, स्वर्गात नाही. फोनही त्यातच आहे. कॉलेज अर्ध्यावर टाकून तडकाफडकी भरती झालास, आता तिथे तरी डोकं थंड ठेव.

माझ्यासोबत खोलीत राहणारी सेबोम मात्र फार वाईट अवस्थेत आहे. ‘बांबूच्या बना’त, विद्यापीठाच्या त्या नाव न सांगता लिहायच्या ऑनलाइन पानावर, कुणी मेल्याने लिहिलं की सेलोसारखं अवजड वाद्य पाठीवर घेऊन हिंडणारी मुलगी पोरांना झुलवते आणि फेकून देते. सेलो इथे दुसऱ्या कुणाकडे आहे? खाली शेकडोंनी गरळ ओकलीय. ती जेवत नाही, बाहेर पडत नाही, तेच वाचत बसते. फोन ठेव म्हटलं तर म्हणते, न वाचता जास्त भीती वाटते. लिहिणारा सापडू दे, किमचीच्या बरणीत कोंबते त्याला.

जिवाला जप.
तुझी ताई, मिग्यॉंग

छावणी, १५ एप्रिल

ती. ताईस सा. न.

वि. वि. बरणी तयार ठेव. ते मीच लिहिलं.

माझ्या प्रेमाला सेबोमने नकार दिला, तोही किती नीट, मला नूडल्स खाऊ घालून. माझं डोकंच फिरलं. भरतीच्या आदल्या दिवशी दोन ओळी खरडल्या, केस भादरले आणि इथे आल्यावर फोन खोक्यात टाकला. वाटलं, बनात ओरडलं की वारा घेऊन जातो. इथे मी रोज गाढ झोपत होतो गं. त्याचीच जास्त लाज वाटते.

फोन तिच्या वाढदिवसाच्या तारखेने उघडतो. हसू नकोस. मजकूर काढ आणि माझ्या नावाने लिही की सगळं खोटं होतं.

तुझा नालायक सॉक्वॉन

चुनचॉन, २१ एप्रिल

चि. सॉक्वॉन, आशीर्वाद या वेळी हात आखडून.

मजकूर काढला. ती आतून कडी लावून बसली होती, म्हणून तुझं पत्र तिला दाराबाहेरूनच वाचून दाखवलं. दार उघडून म्हणाली, त्याचं नाव नको टाकूस, आता तेच लोक त्याला फाडतील. मग थोडी पेज खाल्ली. सेलो मात्र तिने आपल्या गावी पाठवून दिलाय. तुझं नाव टाकू की नको, कळव.

ताई

छावणी, २६ एप्रिल

ती. ताईस सा. न.

वि. वि. तरीही नाव टाक, आडनावासकट. तिने मला वाचवावं हे मला झेपणार नाही. आणि इथे फोन नाही म्हणून माझी सुटका नको. खाली जे जे लिहितील ते उतरवून पत्राने पाठव, एकही शिवी गाळू नकोस.

लोभ मागत नाही, राग तरी असू दे.
सॉक्वॉन