डबीतली एक गोळी

प्रणाली,

भाकऱ्या टोपलीत हायत, सुकटीची चटणी केलीय. जेवून घे. मी कर्जतला दवाखान्यात चाललेय, गरोदर बायांना समजावणाऱ्या तुझ्या त्या रूपालीताईकडं.

परवा तुझ्या कॅल्शियमच्या डबीतली गोळी मी गुडघ्यासाठी घेतली. डोकं गरगरलं तसं निलेशला विचारलं. माझ्या पोराचं तोंड उतरलं. मग त्यानं सगळं सांगितलं. तुमा दोघांना एचआयव्ही हाय आणि बाळाला तो लागू नये म्हणूनच्या गोळ्या तू कॅल्शियमच्या डबीत लपवून ठेवल्यास. ही चिठ्ठी वाचून चुलीत घाल.

सात महिने पोट माझ्या घरात वाढतंय आणि गुपित त्या बाईकडं! ताई म्हणतात मध नाय, ताई म्हणतात घुटी नाय, सहा महिने नुसतं आईचं दूध. मी इथं घुटीसाठी वेखंड, मुरुडशेंग जमवत बसले आणि तू मान खाली घालून गप्प. लय जळले गं मी तिच्यावर. अजून जळतेय.

तिथं गोळ्या मोजून बघतात म्हणे. एक कमी भरली तर तुला बोलणी बसतील, म्हणून ती मी खाल्ली असं सांगायला चाललेय. भांडणार नाय. पण तुला शिकवलं ते सगळं मला पण शिकव म्हणणार हाय. जन्मल्यापासून बाळाला रोज औषध पाजायचं असतं, असं निलेश म्हणाला. तेव्हा बाळ मांडीवर घेऊन कोण बसणार हाय, ती का मी?

आई